अकरा मिनिटांची चौकट

१

साल दोन हजार तेवीस. दिवाळी संपून आठवडा झाला होता आणि डब्यातल्या चकल्या तशाच होत्या, कारण घरात खाणारं कोणी नव्हतं. त्या मंगळवारी दुपारी एक वाजून एकतीस मिनिटांनी राजारामपुरीतल्या एका ऑफिसातून एक नाव नाहीसं झालं.

मला ते संध्याकाळी कळलं. शांभवी जिना चढून वर गेली, पण चहाला खाली आली नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शांभवी माझी भाडेकरू, गारगोटीची. दिवसभरात माझ्याशी समोरासमोर बोलणारं तेवढं एकच माणूस.

माझं नाव क्रांती. स्वातंत्र्यानंतर सहा महिन्यांनी जन्मले, म्हणून वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. एकाहत्तर साली मी नवऱ्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली, तेव्हा सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मंगळवार पेठेतलं हे घर आता फार मोठं वाटतं.

शेवटी मीच चहा घेऊन वर गेले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती.

"आज्जी, मला चोर ठरवलंय," ती म्हणाली.

तिचं काम मला तिनंच कधीतरी समजावून दिलं होतं. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर त्याला पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात. पूर्वी लोक लक्षात राहणारा फोन नंबर मिळावा म्हणून खटपटी करत, तसंच हे. लोक चांगली नावं आधीच घेऊन ठेवतात आणि मग विकतात. 'नावपेठ' या तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो बाजार भरतो. सौदा पक्का होण्याआधी प्रत्येक नाव एका यंत्राच्या चाळणीतून जातं. अश्लील नावं, बँकांची नक्कल करणारी नावं चाळण अडवते. माणसाचं नाव दिसलं तरी अडवते, कारण कुणी दुसऱ्याच्याच नावावर धंदा करत असेल. मग ऑफिसातलं कोणीतरी ते डोळ्यांनी वाचतं. नाव बरं असेल तर सोडायचं, वाईट असेल तर बंद करायचं, म्हणजे बाजारातून पाडायचं.

"पेठ वडगावच्या पृथ्वीराज म्हणून एका माणसानं एक नाव विकायला ठेवलंवतं, चनबसाप्पा डॉट भारत," शांभवी म्हणाली. "निपाणीचं गिऱ्हाईक ठरलंवतं, दोनला सौदा पक्का होणार हुता. एकला चाळणीनं अडवलं. आणि कुणीतरी ते सोडायचं सोडून बंद केलं, माझ्या टेबलावरनं. माझ्या नावानं उघडलेलं असतंय ते मशीन."

"तू कुठं होतीस?"

"खाली, रस्त्यावर. आईचा फोन आलता, स्थळाचा. कुणी बघितलं न्हाई मला." तिनं नाक पुसलं. "निपाणीवाला दुसरं नाव घेऊन गेला. आणि संध्याकाळी पृथ्वीराजला एक निनावी फोन आला, तुझं पडलेलं नाव स्वस्तात देतोस का म्हणून. आता तो म्हणतोय, आतल्याच माणसानं मुद्दाम पाडलंय. सरांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. कबूल कर, न्हाईतर घरी जा."

घरी म्हणजे गारगोटीला. तिथं ते स्थळ तयारच होतं. आणि वरची खोली रिकामी.

"एक आणखी हाय," ती म्हणाली. "नाव बंद करायच्या आधी अकरा मिनिटं, ते सोडायची चौकट उघडी हुती. कुणीतरी नाव सोडायला बसलंवतं. अकरा मिनिटं बसलं, आणि मग बंद केलं."

२

दुसऱ्या दिवशी मी तिचा जेवणाचा डबा मुद्दाम घरीच ठेवून घेतला आणि तो पोचवायच्या निमित्तानं ऑफिसात गेले. केएमटीच्या बसमधून उतरून दोन गल्ल्या चालावं लागलं. गुडघे बोलत होते.

मालक अमरेश, चाळिशीतला, गडहिंग्लजचा. मला बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांचा नंबर गडहिंग्लज बावन्न. दर गुरुवारी सकाळी मुंबईला मिरचीच्या भावासाठी कॉल लावायचे. आवाज खणखणीत. लाइन तुटली की मला म्हणायचे, बाई, तुमची चूक नव्हं."

तो बघत राहिला. मग स्वतः खुर्ची ओढून दिली. "बाबा जाऊन वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "त्यांचा आवाज कसा हुता, मलाच आठवंना आताशा."

त्याच्याकडून मला हवं ते कळलं. त्या वेळी ऑफिसात चौघंच होते : तो, शांभवी, चाळण बनवणारा इंजिनिअर आदर्श आणि अक्काताई शेटे. अक्काताई चौसष्ट वर्षांच्या, पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतात म्हणून अर्धा दिवस येतात. जेवणाच्या सुट्टीत शांभवीच्या टेबलावर जो जवळ असेल तो बसतो. मशीनला टेबल कळतं, माणूस कळत नाही.

"मग पोरीवरच का आळ?"

"तिच्या नावानं मशीन उघडलंय आज्जी. आणि खरं सांगू? हितं माणसं हाईत म्हणून भानगडी हाईत. यंत्राला गिऱ्हाईक न्हाई, मेव्हणा न्हाई. पुढच्या वर्षी ही टेबलंच काढायची म्हणतोय."

आदर्श तिशीच्या आतला, केस कपाळावर. त्याला चाळणीबद्दल विचारलं तसा तो खुलला.

"लोक न वाचताच 'सोडा' दाबायचे, म्हणून मी युक्ती केलीय," तो म्हणाला. "बंद करायला नुसतं एक बोट लावायचं. पण सोडायचं असेल तर चौकटीत ते आख्खं नाव आपल्या हातानं टाइप करायचं. कॉपी चालत न्हाई. अक्षर न् अक्षर हातानंच. हाय का न्हाई भारी?"

"भारी आहे," मी म्हटलं. आमच्याकडेही असाच नियम होता. ज्याला कॉल करायचा त्याचं नाव ऑपरेटरनं मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही.

मी डोळे मिटले. एकतीस वर्षं मी माणसांचे चेहरे न बघता आवाज ऐकले आहेत. सवयच आहे ती. नाव पडल्याची खबर त्याच संध्याकाळी फक्त आतल्यांना होती, आणि त्यांत या बाजाराची एवढी हौस ऐकू आली ती याच्याच आवाजात. "मंगळवारी संध्याकाळी पृथ्वीराजला फोन तुम्हीच केलात ना?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मी डोळे उघडले, तर पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

३

"मी बंद न्हाई केलं आज्जी, आईशप्पथ!" आदर्श मला जिन्यात घेऊन आला होता. "पडलेलं दिसलं म्हणून विचारलं फक्त. स्वतःसाठी घेतो मी अधनंमधनं नावं. चूक झाली. पण पाडलं मी न्हाई."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तो काही त्याच्या शपथेमुळे नव्हे. चाळण त्याची. त्याला नाव पाडायचं असतं तर स्वतःच्या टेबलावरून कुणाला न कळता पाडता आलं असतं. शांभवीच्या खुर्चीत अकरा मिनिटं, तेही सोडायची चौकट उघडून, तो कशाला बसेल?

"त्या अकरा मिनिटांत चौकटीत काय लिहिलं गेलं, ते मशीन सांगतं का?"

"बघाय लागंल."

त्यानं बघून दिलं. चौकटीत पहिलं अक्षर सात वेळा लिहिलं होतं आणि सातही वेळा पुसलं होतं. बाकी काही नाही.

"चोराला पण मन असतंय बगा," आदर्श म्हणाला.

मला ते पटेना. ज्याला पाडायचंच आहे त्याचं मन बंद करायच्या बटणापाशी अडखळेल. सोडायच्या चौकटीत त्याचं काय काम? हा माणूस नाव सोडायलाच बसला होता. सात वेळा त्यानं प्रयत्न केला.

मी आणखी एक विचारलं : कारण न देता बंद केलेली नावं त्या टेबलावर आणखी आहेत का? आदर्शनं वर्षभराची यादी काढली. तीन होती. दोहोंत 'गौरव्वा' होतं आणि एकात 'चनबसाप्पा'. तिन्ही मालक वेगवेगळ्या गावचे, कुणी तक्रारही केली नव्हती.

अक्काताई त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी त्यांना फोन केला. आवाज मऊ, थोडा ओढलेला, सीमाभागातला.

"त्या नावाचं मला काय म्हाईत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "मी हुते तिथं, सगळेच हुते. पोरगी गुणाची हाय. तिनं न्हाई केलं ते."

"तुमच्याकडे येऊ का?"

"या की. ऑफिसाच्या पल्याड, पाण्याच्या टाकीच्या मागं. दारात कडुलिंब हाय. कुणालाबी लिंबाचं घर इचारा."

गुरुवारी गेले. टाकीमागं लिंबाचं घर कुणालाच ठाऊक नव्हतं. पानपट्टीवाल्यानं शेवटी विचारलं, "पाटीवालं घर व्हय? त्ये बगा, समोरचं."

दारात कडुलिंब होता खरा. पण त्याच्याही आधी डोळ्यांत भरली ती दारावरची पितळी पाटी. रोज चिंचेनं घासत असाव्यात, इतकी लख्ख. तिच्यावर कोरलेलं होतं : चनबसाप्पा गुरुपाद शेटे.

४

पायरीवर उभी राहून मी सरळ हिशोब केला आणि मला माझीच लाज वाटली. घराण्याचं नाव. ते परक्यानं विकत घेऊ नये म्हणून बाईनं पाडलं. कुणी वकील असता तर इथंच केस संपली म्हणाला असता.

पण मग ते सात वेळा लिहिलेलं अक्षर? आणि गौरव्वा कोण?

अक्काताईंनी दार उघडलं. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा नीट अंबाडा, गळ्यात करडगी, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. घरात त्या एकट्याच. दोन खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. माझ्याही घरी दुसरी खुर्ची अशीच आहे.

भिंतीवर दोन फोटो होते. फेटा बांधलेले एक गृहस्थ आणि नाकात मोठी नथ घातलेली एक बाई.

"आमचं मावा आणि अत्ती," त्या म्हणाल्या. सासरे आणि सासू. "मालक तरणेपणीच गेले. मूलबाळ न्हाई. माहेरचे न्यायला आलते, तर अत्ती दारात आडवी उभी ऱ्हायली. म्हणाली, ही माझी लेक हाय, कुठं नेताय? चाळीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली मी. सासवा अशा असतात व्हय, सांगा."

"सासूबाईंचं नाव काय हो?" मी सहज विचारलं.

त्यांनी फोटोकडे बघितलं. ओठ हलले. मग म्हणाल्या, "च्या ठेवते."

तिथं माझ्या डोक्यात पन्नास वर्षांपूर्वीचा एक्स्चेंजमधला बोर्ड उजळला. शालूबाई. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची. हुशार, कामाला वाघ, पण गारगोटीच्या एका आकाराम शेठजींचा कॉल आला की गप्प बसायची. नियम होता नाव परत म्हणायचा. ती म्हणायची, "गारगोटी अठरावाले." तीन मेमो घेतले तिनं, पण कारण सांगितलं नाही. तिच्या सासऱ्यांचं नाव आकाराम. शेठजींचा आणि तिचा काही संबंध नव्हता. जगातला कुठलाही आकाराम असो, तिच्या तोंडातून ते नाव निघणार नव्हतं. पुढं पुढं तो दिवा लागला की ती माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि तिच्यासाठी ते नाव मी म्हणायचे.

अक्काताईंनी चहा आणला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या सगळ्या प्रकरणात ते नाव प्रत्येकाच्या तोंडून मी ऐकलं होतं. शांभवी म्हणाली, अमरेश म्हणाला, आदर्श म्हणाला. फक्त या बाई म्हणाल्या, 'ते नाव'. आणि स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना गावाला ठाऊक असलेली पाटी सोडून त्यांनी लिंब सांगितला. पाटीवरचं नाव सासऱ्यांचं, आणि गौरव्वा म्हणजे फोटोतली ही नथवाली सासू.

"अक्काताई," मी म्हटलं, "तुम्ही सोडायलाच बसला होतात ना?"

त्यांनी बशी खाली ठेवली. लिंबावर कावळा ओरडत होता.

"बोटंच उठंनात, बाई," त्या हळू म्हणाल्या. "लई केलं. मनाला म्हटलं, ही नुसती अक्षरं हाईत, मशीनमधली. पयलं अक्षर टाकायची आणि अंगावर काटा यायचा. खालनं पोरगीची पावलं वाजली. ती बघंल, इचारंल काय झालं म्हणून. घाबरून दुसरं बटण दाबलं. एका बोटाचं काम हुतं ते."

"आता तर दोघंही नाहीत. कोण रागावणार होतं?"

"कोण न्हाई, त्येच की," त्या म्हणाल्या. "आता हाय काय माझ्याकडं? मालक न्हाई, मूल न्हाई, मावा न्हाई, अत्ती न्हाई. नाव घ्यायचं न्हाई, एवढंच ऱ्हायलंय. तेबी सोडलं तर मी ह्या घरची सून कशानं ऱ्हायली?"

मी चहा संपवला. निघताना त्यांनी माझा हात धरला. "ऑफिसात सांगू नका. पोरं हसतील."

"पण शनिवारी शांभवी जाईल."

त्यांनी हात सोडला. मी तशीच पायऱ्या उतरले, आणि शनिवारी नक्की काय बोलायचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

५

शनिवारी अकराला अमरेशच्या खोलीत आम्ही जमलो. पेठ वडगावहून पृथ्वीराज आला होता, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

"पावणं, बसा तरी," अमरेश म्हणाला.

"बसाय न्हाई आलो. चोर दावा."

शांभवीनं खाली मान घातली. अक्काताईंची खुर्ची रिकामी होती.

मी सुरुवात केली. आधी आदर्शला स्वतःच्या तोंडानं फोनचं कबूल करायला लावलं. पृथ्वीराज त्याच्या अंगावरच जायला निघाला. मी म्हटलं, "थांबा. फोन यानं केला, नाव यानं पाडलं नाही." मग ती अकरा मिनिटं सांगितली, सात वेळा पुसलेलं अक्षर सांगितलं, चाळणीची उलटी रीत सांगितली. "बंद करणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवलंय तुम्ही. ज्याला नाव टाइप करता येणार नाही, त्यानं करायचं काय?"

"टाइप करता येत न्हाई असं कोण हाय हितं?" अमरेशनं विचारलं. "सगळे शिकलेले हाईत."

इथं मी थांबले. पुढचं वाक्य माझं नव्हतं. पोरीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. गप्प राहिले तर एक बाई जाणार होती, बोलले तर दुसरी.

"सांगा की आज्जी," अमरेश म्हणाला.

"मी हाय."

दारात अक्काताई उभ्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी. त्यांनी दमादमानं सगळं सांगितलं. त्यातही नाव आलं नाही. आदर्शला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच विरलं, कारण बाकी कोणीच हसत नव्हतं.

"अहो अक्काताई," अमरेश कळवळून म्हणाला, "मग हाक मारायची की कुणाला तरी! आम्ही टाइप केलं असतं."

"हाक मारून सांगायचं काय, सर? कुठलं नाव त्ये सांगावंच लागतंय की."

पृथ्वीराज खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. "माझी आई," तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "मतदानाला गेली की आमच्या वडलांचं नाव मला सांगायला लावायची." आणि मग, "सोडा आता त्ये नाव. निपाणीवाल्याला मी बघतो."

शांभवीनं मशीन उघडलं. चौकट आली. अक्काताई तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शालूबाईला तरी कुणी शिकवलं होतं? शांभवी एकेक अक्षर टाइप करत गेली. अक्काताईंनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले होते.

६

पृथ्वीराजचं नाव निपाणीच्या त्याच गिऱ्हाइकानं शेवटी घेतलं. तिथं आता त्या पत्त्यावर भांड्यांचं दुकान आहे, शांभवीनं मला फोनवर दाखवलं होतं. आदर्शला अमरेशनं काढलं नाही, पण आदर्श स्वतःच तीन महिन्यांनी पुण्याला गेला. जायच्या आधी त्यानं ती टाइप करायची चौकट काढून टाकली. अमरेशनं पुढच्या वर्षी माणसांची टेबलं खरंच काढली. आता यंत्रच अडवतं आणि यंत्रच सोडतं. एकदा तो मला महाद्वार रोडवर भेटला. म्हणाला, "तक्रारी कमी झाल्यात आज्जी. ऑफिसात बोलायला मात्र कुणी न्हाई."

शांभवीची नोकरी राहिली, पण टेबलंच गेली तशी तीही बेंगळुरूला गेली. ते स्थळ तिनं नाकारलं. आधी दर रविवारी फोन यायचा. आता सणाला येतो. येतो, हे खूप झालं. वरची खोली मी पुन्हा भाड्यानं दिली नाही.

शालूबाई दोन हजार नऊ सालीच गेली. तिच्या त्या तीन मेमोंचं कारण मी तिच्या माघारी पहिल्यांदा सांगतेय. ती रागावणार नाही असं वाटतं.

अक्काताईंना अमरेशनं थांबवलं होतं, पण त्या त्याच महिन्यात काम सोडून घरी बसल्या. पाटी अजून रोज घासतात. सोमवारी दुकानं बंद असतात, बाहेर काही काम नसतं, म्हणून दर सोमवारी त्यांचा फोन येतो. भाजी काय केली, पाणी आलं का, गुडघा कसा आहे. दहा मिनिटं. त्यांच्या फोनवरच्या श्वासावरूनही मला कळतं, की समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रंच आहेत.

मागच्या सोमवारी त्या मध्येच म्हणाल्या, "एक इचारू का? तुमी मालकांना नावानं हाक मारायचा म्हणं."

"हो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी."

"काय नाव हुतं हो त्यांचं?"

मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मला कुणी कधी बंदी केली नव्हती. पण दहा वर्षांहून जास्त झाली, ते नाव घ्यावं असं कारणच पडलं नव्हतं. पलीकडे अक्काताई थांबून राहिल्या. कितीही वेळ थांबल्या असत्या.

"ज्ञानू," मी म्हटलं.